घसारा

ओळीनं सतरा सामने हरलो, त्या आठवड्यात ती आली.
राखाडी कोट, काखेत लॅपटॉप,
बुटांवर क्लीव्हलंडच्या रस्त्यांचं वाळलेलं मीठ.
इम्के व्हॅनडर्झी. किंमत ठरवणारी.
मी म्हटलं, बर्नार्ड शिबिल्स्की. फरशीवाला.
"फ्लोअर ऑपरेशन्स," तिनं टाइप केलं.

खाली बर्फ, वर आम्ही.
हॉकीवाले गेले की रात्री दोनला
मेपलच्या दोनशे पंचवीस फळ्या जोडायच्या,
पुन्हा त्यांचा दिवस आला की उकलायच्या.
एकतीस वर्षं.
कुठली कुठं कुरकुरते, तळपायाला पाठ आहे.
"वय?" तिनं विचारलं.
एकसष्ट.
"तुमचं नाही. लाकडाचं."

मग आकडा निघाला तिच्या तोंडून, चुकून निघावा तसा:
एकशे चाळीस कोटी डॉलर.
मी म्हटलं, बाई, आम्ही शेवटून पहिले आहोत.
कालची तिकिटं विकली अकरा हजार,
माणसं आली चार.
मी पॉपकॉर्न झाडतो, मला कळतं.
ती म्हणाली, लीगमध्ये खुर्च्या अठ्ठावीसच आहेत.
बसलेले कसे खेळतात ते कुणी बघत नाही,
उभे किती आहेत, ते बघतात.

हत्ती मेला की सव्वा लाखाचा, हे ऐकून होतो.
हा तर अजून धापा टाकतोय.

माझा बाप टोलेडोच्या काचभट्टीत होता.
चाळीस वर्षं नफा, एकही वर्ष चुकलं नाही.
विकली तेव्हा वजनावर विकली.
ट्रक भरताना तो फाटकापाशी उभा होता,
हातात जेवणाचा डबा, सवयीनं आणलेला.
आणि हा संघ, ज्यानं कधी कवडी कमावली नाही...
जाऊ दे.
बोर्डाची काच मी रोज व्हिनेगरनं पुसतो.
ती आता कुठून येते, विचारत नाही.

"खेळाडूंवर घसारा धरता येतो," ती सांगत होती,
"यंत्रावर धरतात तसा. नव्या मालकाला करात सूट."
मला लव्हेल पेटिग्रू दिसला,
बर्फाच्या बादलीत डावा गुडघा, तोंडात टॉवेल,
बाहेर पोरं त्याच्या नावानं बोंबलतायत.
त्या गुडघ्याचा घसारा कुणी खाल्ला?
माझ्या गुडघ्यांवर धरता येईल का, मी विचारलं.
ती पहिल्यांदा हसली.
"तुम्ही मालमत्ता नाही. तुम्ही खर्च."

जाता जाता म्हणाली,
यादीत नाही असं काही राहिलंय?
राहिलं होतं. डाव्या कोपऱ्यात नेलं तिला.
एक फळी मेलेली आहे. खालून पोकळ.
तिच्यावर चेंडू उसळत नाही, थप्प करून बसतो.
आमच्या पोरांना ठाऊक, पाहुण्यांना नाही.
मी दरवेळी ती मोजून तिथंच बसवतो.
तिनं बूट काढले. चेंडू टाकला.
थप्प.
पुन्हा टाकला. थप्प.
चेंडूकडं जरा वेळ बघत राहिली,
शाळेत कधीतरी खेळली असावी.
मग लिहिलं: दुरुस्ती, चारशे डॉलर.

शुक्रवारी सह्या झाल्या. विमानात, म्हणे.
नवा मालक गावात उतरलाच नाही.
संघ इथंच राहील की जाईल,
ते कराराच्या कुठल्याशा परिशिष्टात आहे,
आणि परिशिष्ट आम्हाला कुणी दाखवत नाही.

त्या रात्री अठरावा हरलो.
पण चौथ्या डावात त्यांचा तो महागडा पोरगा
डाव्या कोपऱ्याकडं सुसाट आला,
आणि चेंडू वर आलाच नाही.
त्याचा हात हवेत, रिकामा,
अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखा.
चार हजार माणसं एकदम उठली.

दोनशे चौदामध्ये झोल्टान बेर्टोक बसतो,
जीप कारखान्यातून निवृत्त. प्रत्येक सामना
वहीत मांडतो, स्वतःच आखलेल्या.
त्यानं पेन्सिल जिभेला लावली
आणि चोरलेल्या चेंडूंच्या रकान्यात,
कुणाच्याच नावापुढं नाही,
एक रेघ ओढली.